पिकअपला एअर कॉम्प्रेसर बसवताना माझे ४६,५०० रुपये गेले. टाकीचा रंग आधी खरवडून बघा

लोणी काळभोरला आमचं पंक्चरचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. मागे मी आणि धाकट्या भावाने एक जुनी बोलेरो पिकअप घेतली आणि जागेवर जाऊन पंक्चर काढायला सुरुवात केली. सोलापूर रस्त्यावर पार यवतहून फोन येतात. उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री दोन वाजताही ट्रॉलीवाल्याचा फोन असतो. पेट्रोल इंजिनवरचा कॉम्प्रेसर हौद्यात ठेवायचो, तो अर्धी जागा खायचा आणि दर वेळी दोरी ओढून चालू करावा लागायचा. म्हणून गाडीच्या बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर आणि टाकी चॅसीलाच कायमची बसवून घ्यायचं ठरवलं. त्यात आमची जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहितोय, कारण तोच माल अजून विकला जातोय आणि यात नुसता पैशाचा प्रश्न नाही.

दुकान पुण्यातलं, पेठेतलं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. दुकानदाराने समोर उभ्या असलेल्या पिकअपवर करून दाखवलं. काटा १२० पौंडावर होता. त्याने एका कारच्या टायरची सगळी हवा सोडली, नळी लावली आणि टायर बघता बघता टणक झाला. "दादा, मिनिटाला दीडशे लिटर हवा. टाकी चोवीस लिटरची. शंभर टक्के ड्यूटी आहे, दिवसभर चालवा." मी वीस वर्षं टायरमध्ये हवा भरतोय, तरी भुललो. कारण तो टायर मोटरने भरलाच नव्हता, आधीच भरून ठेवलेल्या टाकीने भरला होता. भरल्या टाकीवर कुठलाही कॉम्प्रेसर जोरदारच वाटतो. टाकी रिकामी झाल्यावर मोटर किती हवा देते, हे त्याने दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गाडी सकाळी दहाला दिली. "बसून काय करता, संध्याकाळी या." संध्याकाळी गेलो तर सगळं चकाचक. काळी टाकी, काळ्या पाइपमध्ये झाकलेल्या वायरी, डॅशबोर्डवर लाल दिव्याचं बटण. ४६,५०० रोख दिले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी कशाला भरता दादा, वॉरंटी मी लिहून देतो ना." हातात आलेल्या कागदावर एकच ओळ होती: अ‍ॅक्सेसरीज फिटिंगसह, वॉरंटी एक वर्ष. कंपनी नाही, मॉडेल नाही, नंबर नाही.

पहिले आठ-दहा दिवस काही कळलं नाही, कारण कामं किरकोळ होती, टाकीतल्या हवेवर भागत होतं. मग एका रात्री उरुळी कांचनच्या पुढे उसाच्या ट्रॉलीचं चाक काढलं. पंक्चर काढून झालं, हवा भरायला लावली, आणि टाकी संपल्यावर काटा हलेचना. बारा-तेरा मिनिटांनी मोटर आपोआप बंद पडली. थोडी गार झाली की चालू व्हायची, पुन्हा बंद. तेवढ्यात भाऊ ओरडला, सीटखालून जळका वास येत होता. मॅट उचलली तर वायरीवरचं प्लास्टिक मऊ पडलेलं आणि बटणाची मागची बाजू वितळलेली. बॅटरीची तार ओढून काढली म्हणून पुढचं टळलं. भाऊ त्या सीटवर बसून गाडी चालवतो. ती रात्र आठवली की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी हडपसरच्या आमच्या ओळखीच्या वायरमन मामांकडे गाडी नेली. त्यांनी काळा पाइप चिरला आणि एकेक दाखवत गेले. जी मोटर तीसेक अँपिअर ओढते तिला अडीच एमएमची वायर. ब्लेडने खरवडली तर आत पांढरी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. रिले, म्हणजे जड करंट बटणाऐवजी स्वतःतून नेणारा स्विच, नाहीच; सगळा करंट बटणातून. फ्यूज होता, पण मोटरजवळ. मामा म्हणाले, "फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा. इथे बॅटरी ते मोटर सगळी वायर उघडी पडली. मध्ये कुठे चॅसीला घासली तर फ्यूज काय करणार?" गाडी चालू ठेवून मीटर लावला: बॅटरीवर १३.८ व्होल्ट, मोटरपाशी १०.९. म्हणजे तीन व्होल्ट नुसते वायर तापवण्यात जात होते.

मोटरवरचं स्टिकर नखाने उचकटलं तर खाली दुसरं निघालं. त्यावर ३३ टक्के ड्यूटी. म्हणजे दहा मिनिटं चालवली तर वीस मिनिटं थांबवायची. घरच्या गाडीच्या टायरला ते चालतं, आमच्या धंद्याला नाही.

टाकीकडे आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं. ती काढून घेतल्यावर मामा तिच्यावर टिचक्या मारत राहिले, म्हणाले पत्रा पातळ वाजतोय. पॉलिश पेपरने रंग घासला आणि वरच्या बाजूला उमटवलेली इंग्रजी अक्षरं दिसायला लागली. डीओटी ३९, म्हणजे एकदाच वापरायच्या सिलिंडरची खूण, आणि पुन्हा भरू नये अशी सूचना. एसी आणि फ्रिजवाले जो गॅस एकदा वापरून फेकायच्या सिलिंडरमधून आणतात, तो रिकामा सिलिंडर होता. त्याला पाय जोडून, फिटिंग बसवून, काळा रंग मारला होता. चोवीस लिटर म्हणून विकलेल्या त्या टाकीत आम्ही मापाने पाणी ओतलं, तेरा लिटरच्या आसपास भरली. पाणी उलटं ओतलं तर गंजाचं तांबडं पाणी आलं.

याचा अर्थ टायरचं काम न करणाऱ्यांना पटकन कळणार नाही, म्हणून सांगतो. हवा दाबली की तिच्यातल्या दमटपणाचं पाणी होतं आणि ते टाकीच्या तळाला साठतं. म्हणून हवेच्या टाकीला खाली पाणी काढायचा कॉक असतो. त्या सिलिंडरला तो नव्हता. पातळ पत्रा, आतून गंज, दिवसातून पन्नास वेळा भरणं आणि रिकामं होणं, वरून रस्त्याचे हादरे. आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी नुसता बोल्ट आवळलेला. दाब पुरा झाला की मोटर बंद करणारा प्रेशर स्विच अडकला असता तर जादा दाबाला बाहेर पडायला वाटच नव्हती.

मग रिकाम्या टाकीला वेळ लावली. शून्यापासून १२० पौंडांपर्यंत आठ मिनिटं. हिशोब सोपा आहे: १२० पौंड म्हणजे सव्वाआठ बार, टाकी तेरा लिटरची, म्हणजे आत गेलेली मोकळी हवा साधारण १०७ लिटर. आठने भागा. मिनिटाला तेरा लिटर, दीडशे नव्हेत. दाब वाढेल तशी हवा कमी मिळते हे खरं, पण इतकी नाही. पिकअपच्या एका मागच्या टायरला २० वरून ६० पौंडांवर न्यायला सव्वाशे-दीडशे लिटर हवा लागते, म्हणजे या मोटरवर एका टायरला दहा-अकरा मिनिटं. माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे, पैसे देण्याआधी ही एकच गोष्ट करा: टाकी पूर्ण रिकामी करायला लावा आणि मोबाइलवर वेळ लावून उभे राहा. दुकानदार कां-कूं करायला लागला तर निघा.

दुकानात परत गेलो तेव्हा सूर बदलला होता. "तुम्ही जास्त वापरलंत. वॉरंटी बाद." सिलिंडर समोर ठेवला तर म्हणाला, "हा आमचा नाहीच." आणि माझ्या हातातल्या कागदावर टाकीचा उल्लेखच नव्हता. बसवलेल्या दिवशी मी गाडीखाली वाकून दोन फोटो काढले असते, तर हे बोलायची त्याची हिंमत झाली नसती.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. दुकानदाराचं म्हणणं आलं की मी माल धंद्यासाठी घेतला, म्हणून मी ग्राहकच नाही. या एका वाक्यावर बरेच जण मागे फिरत असतील. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी वापर वगळलेला आहे खरा, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात धरत नाहीत. रिक्षावाला, टेम्पोवाला, आमच्यासारखा पंक्चरवाला यांना जिल्हा आयोगात जाता येतं. घेतलेल्या मालाची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. मामांनी काय काय सापडलं ते सहीनिशी लिहून दिलंय, ते जोडून अर्ज टाकलाय. तारखा चालू आहेत.

गाडी आता नव्याने करून घेतली, या वेळी मी दिवसभर शेजारी उभा राहिलो. सोळा एमएमची तांब्याची वायर, बॅटरीजवळ फ्यूज, रिले, मोटर ते टाकी जाळीची नळी कारण तिथली हवा भाजण्याइतकी गरम असते. टाकी वीस लिटरची, तिच्यावर बनवणाऱ्याची पाटी आहे, कामाचा दाब आणि टेस्टचा दाब दोन्ही कोरलेले. शून्य ते १२० अडीच मिनिटं. हा मालही पेठेतूनच आणला, पक्क्या बिलावर, मॉडेल नंबरासकट. प्रामाणिक दुकानं तिथेच शेजारी आहेत, हेही सांगायला हवं.

जुना सिलिंडर दुकानात पुढेच ठेवलाय, अक्षरं दिसतील असा. गेल्या आठवड्यात यवतचा एक भाजीच्या गाडीवाला हवा भरायला थांबला, त्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, अशीच टाकी माझ्या गाडीखाली आहे." आम्ही आधी त्याच्या टाकीची हवा सोडली, मग पॉलिश पेपर घेऊन दोघंही गाडीखाली शिरलो.