घरच्या शेडात छोटा लेथ आणि मिल : अकरा महिन्यांनंतर

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात लेथवाला नाही. पंपाचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) गेला की यवतमाळ गाठायचं, टर्नरकडे माल टाकायचा, दोन दिवसांनी परत जायचं. ओलिताच्या दिवसांत हे दोन दिवस फार महाग पडतात. म्हणून मागच्या दिवाळीआधी लेथ घेतला (काम फिरवून कापणारं मशीन), चार महिन्यांनी मिल (कटर फिरवून कापणारं).

पर्याय दोन होते. एक, नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या बंद वर्कशॉपमधला जुना साडेचार फुटी लेथ. दुसरा, टेबलावरचा नवा : बेडवर (लेथच्या लांब पायथ्यावर) १८० मिमी व्यास फिरेल एवढा, दोन सेंटरमध्ये (म्हणजे लांबीत) ३५० मिमी, वजन चाळीसेक किलो. जुन्यावर माझा जीव जडला होता. पण त्याची मोटर थ्री फेजची, घरी सिंगल फेज. शेतीच्या थ्री फेज जोडणीवर वर्कशॉप चालवणं नियमात बसत नाही. शिवाय शेडात मातीची जमीन. म्हणून नवा घेतला. आज मात्र सांगेन, काँक्रीटचा ओटा घालून सिंगल फेज मोटर बसवता येत असेल तर जुनाच बघा. फक्त कॅरेज (टूल धरणारा सरकता भाग) चकाजवळ (काम पकडणाऱ्या जबड्याजवळ) आणून गिब (कॅरेजची ढिलाई काढणारी पट्टी) नीट घट्ट करा आणि टेलस्टॉककडे (बेडच्या दुसऱ्या टोकाकडे) सरकवत न्या. तिकडे जाताना कॅरेज अडली, तर बेड चकाजवळ झिजलाय. सगळं काम तिथेच होत असल्यामुळे झीजही तिथेच होते.

नव्या लेथची खरी परीक्षा आमच्या विजेनं घेतली. त्याला डीसी मोटर आणि वेग कमी-जास्त करणारं कंट्रोल कार्ड होतं. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १८०पर्यंत उतरतं. तिसऱ्याच महिन्यात कार्ड जळालं. विकणाऱ्यानं वॉरंटीत बसत नाही म्हणून हात झटकले, त्याचा राग अजून आहे. पण त्याआधीही मंद वेगावर हा लेथ दम सोडायचा. १०० मिमीची बिडाची पुली हायस्पीड स्टीलच्या टूलनं कापायची तर चकाचे फेरे मिनिटाला ६० ते ७० हवेत. कार्ड तेवढे फेरे देतं, पण त्यासाठी मोटरचं व्होल्टेज उतरवतं, त्यामुळे जोर राहत नाही आणि टूल टेकताच चक थांबतो.

मग मी अर्ध्या एचपीची साधी १४४० फेऱ्यांची मोटर आणि मध्ये काउंटर शाफ्ट (पट्ट्यांनी वेग उतरवणारा जोडशाफ्ट) बसवला. दोन टप्प्यांत तीन-तीन पट कमी, म्हणजे १६०. हेडस्टॉकचा (चक फिरवणाऱ्या डोक्याचा) लो गिअर ते ८०वर आणतो. आता पुली कापताना लेथ अडखळत नाही. वेग बदलायला पट्टा हलवावा लागतो, ते मला चालतं. कमी व्होल्टेजचा त्रास याही मोटरला आहेच : २३०चे १८० झाले की तिचा जोर साठ टक्क्यांवर येतो. म्हणून मोठा कट मी सकाळीच घेतो.

उन्हाळ्यातली एक चूक सांगतो. टिनाच्या शेडात भर दुपारी गनमेटलचा (हा कांस्याचा प्रकार) ५० मिमीचा बुश केला. हाताला चटका बसेल इतका तापलेला असतानाच मायक्रोमीटरनं मोजला, माप बरोबर आलं, देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी शेजारचे काका म्हणाले, "भाऊ, बुश तं घरातच फिरून राह्यला." (घर म्हणजे बुश बसतो ते भोक.) चाळीस अंश थंड झाल्यावर ५० मिमीचं गनमेटल मिलिमीटरचे तीन-साडेतीन शतांश आकसतं, आणि दाबून बसायच्या बुशाची सगळी पकड तेवढ्यातच असते. काकांचा पंप एक दिवस बंद राहिला, मला फार वाईट वाटलं. आता शेवटचा कट घेण्याआधी बुश पाण्यात गार करतो, पुसतो, मग मोजतो.

मिलची घाई केली नाही ते बरं झालं. चार महिने लेथच्या क्रॉस स्लाइडवर (आडव्या सरकत्या भागावर) व्हर्टिकल स्लाइड (काम वर-खाली सरकवणारा भाग) लावून की-वे (शाफ्टमधली चावीची खाच) पाडले. २५ मिमीच्या शाफ्टला ८ मिमी रुंद, ४ मिमी खोल खाच लागते. ८चाच कटर घातला तर खाच सैल होते. म्हणून ६चा स्लॉट ड्रिल (खाच पाडायचा कटर), अर्धा-अर्धा मिमी खोली, मग दोन्ही बाजू. काम होतं, पण एका खाचेला तास जातो. त्यातून कळलं की मला मोठं टेबल नको, ताठ खांब हवा. गोल खांबाची मिल स्वस्त मिळत होती, पण तिचं डोकं वर-खाली केलं की फिरतं आणि जुळवलेली जागा जाते. मी डव्हटेल (सपाट, तिरक्या कडांच्या) खांबाची घेतली, खाच आता वीस मिनिटांत होते. एंड मिल (मिलचा कटर) मात्र ड्रिल चकात धरू नका. बाजूच्या जोरानं चकच सुटून येतो. कॉलेट (कटर घट्ट धरणारी चिरलेली नळी) आणि ड्रॉ बार (ती वरून ओढून धरणारा लांब बोल्ट) घ्याच.

दोन्ही मशिनींच्या किमतीच्या जवळपास निम्मे पैसे चार जॉचा चक, डायल गेज, कॉलेट, टूल यांत गेले. ते आधीच बाजूला ठेवा.

लेथ बघायला जाताना २५ मिमीचा बार सोबत न्या. टेलस्टॉक न लावता चकाबाहेर १०० मिमी काढा, दोन्ही टोकांना एकाच सेटिंगवर हलका कट घ्या आणि मोजा. माझ्या लेथवर पाच शतांशांचा फरक आला होता. टेबल सपाट नव्हतं, बेडला पीळ बसला होता. एका पायाखाली पत्र्याची शिम घातल्यावर तो एका शतांशावर आला.