जुन्या संगणकासाठी वापरलेली रॅम : शाहूपुरीतील एका दुकानाचा अनुभव

आमच्या घरचा कोअर टू ड्युओ संगणक मोडीत काढावा असे मला कधीच वाटले नाही, कारण मराठी टंकलेखन, हिशेब आणि वीजबिल भरणे एवढ्या कामांना तो आजही पुरेसा आहे. अडचण होती ती अपुऱ्या २ जीबी रॅमची, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची. यापूर्वी ऑनलाइन मागवलेली ४ जीबीची डीडीआर३ प्रकारची रॅम बसवली तेव्हा पडदा काळाच राहिला, नुसते बीप वाजत राहिले आणि विक्रेत्याने ती परत घेण्यास नकार दिला.

त्यामागचे कारण उमगले ते शाहूपुरीतील जुन्या सुट्या भागांच्या एका लहानशा दुकानात. सीपीयू, म्हणजे संगणकाचा मुख्य डबा, मी सोबतच नेला होता. दुकानदारांनी रॅम दाखवण्याआधी झाकण उघडून मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड) पाहिला, मग माझ्या हातातली ती न चाललेली रॅम घेऊन तिच्यावरच्या काळ्या चिप बोटाने मोजल्या. त्या आठच भरल्या, म्हणजे एकेक चिप ४ गिगाबिटची (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). जी४१ चिपसेटच्या (प्रोसेसर व रॅम यांना जोडणाऱ्या चिपच्या) या बोर्डाला २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप चालतात, त्यामुळे ४ जीबीच्या रॅमवर दोन्ही बाजू मिळून सोळा चिप असाव्या लागतात, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. केवळ एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या बोर्डांवर चालणाऱ्या स्वस्त रॅमही बाजारात येतात, त्या घेऊ नका, असेही त्यांनी बजावले.

त्यानंतर सोळा चिपच्या दोन रॅम निवडून त्यांनी त्यांचे सोनेरी पाय साध्या खोडरबराने घासले, ब्रशने कण झाडले आणि मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून मला संध्याकाळी यायला सांगितले. परत गेलो तेव्हा त्यांतली एक रॅम तपासणीत नापास झाली होती. ती विकण्याऐवजी त्यांनी स्वतःहून बाजूला काढून दुसरी तपासली होती, आणि या दुकानावर माझा विश्वास बसला तो इथेच. दोन्हींचे मिळून ७०० रुपये झाले व महिन्याभराची हमी हाताने लिहिलेल्या पावतीवर मिळाली.

एक गोष्ट मात्र खटकली. सगळ्या रॅम एकाच उघड्या डब्यात एकमेकींवर पडलेल्या असतात. स्थिर विजेने चिप खराब होऊ शकते, तेव्हा त्या अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत ठेवायला हव्यात.

३२ बिटचे विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरत नाही, म्हणून घरी विंडोजऐवजी ६४ बिटची लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकली. आता ब्राउझरमध्ये दहा पाने उघडी असतानाही टंकलेखन अडखळत नाही. या कामासाठी जाताना सीपीयू नेणे शक्य नसेल, तर मदरबोर्डवर छापलेल्या मॉडेल क्रमांकाचा फोटो तरी मोबाइलमध्ये घेऊन जावा.