टोरी की अरनमोर?

आयर्लंडच्या ओसरत्या वस्तीच्या बेटांवर राहायला जाणाऱ्याला सरकार ८४,००० युरो देते, ही आवई आधी बाजूला ठेवावी; हे अनुदान २००८ पूर्वीचे, दोन वर्षे रिकामे पडलेले, मोडकळीस आलेले घर घेऊन दुरुस्त करणाऱ्यासाठी आहे आणि व्हिसाशी त्याचा संबंध नाही. आयर्लंडच्या वायव्येकडील डोनेगल परगण्यातल्या टोरी आणि अरनमोर या दोन्ही बेटांना ते सारखेच लागू आहे.

खरा फरक दळणवळणाचा आहे. अरनमोरला मुख्य भूमीवरच्या बर्टनपोर्ट बंदरातून मोटारीसकट वीसेक मिनिटांत पोहोचता येते. टोरीची बोट पाऊण तास घेते आणि हिवाळी वादळात ती सुटेलच याची खात्री नसते. १९७४ मध्ये हे बेट कित्येक आठवडे मुख्य भूमीपासून तुटले होते. तेथे घर दुरुस्त करणाऱ्याने सिमेंटच्या गोणीचाही हिशेब हवामान पाहूनच करावा.

माध्यमिक शाळा दोन्हीकडे आहे. २०१६ च्या जनगणनेत अरनमोरवर ४६९, तर टोरीवर ११९ माणसे होती. अरनमोरला २०१९ पासून इंटरनेटवर काम करणाऱ्यांसाठी सामाईक कार्यालय आहे. टोरीवर मात्र आयरिश भाषा अधिक रोजच्या वापरातली आहे.

नोकरी सांभाळून मुलाबाळांसह राहणाऱ्याने अरनमोर निवडावे. भाषा शिकण्याच्या ओढीने येणाऱ्या, सक्तीचा एकांत मानवणाऱ्या माणसाला टोरी.