जोडचाकांसाठी दुतोंडी प्रेशर गेज: नव्या ट्रक ड्रायव्हरने घ्यावा का?

घ्यावा, आणि केबिनच्या सजावटीआधी घ्यावा. ट्रकच्या टायरमध्ये साधारण 100 ते 120 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते. कारचा गेज तिथे बहुधा तोकडा पडतो. या दुतोंडी गेजची पट्टी 160 पर्यंत मोजते.

खरी किंमत त्याच्या दोन तोंडांची. जोडचाकांत दोन टायर शेजारी शेजारी असतात, एक बाहेर, एक आत. बाहेरच्या टायरचा व्हॉल्व्ह बऱ्याचदा आत वळलेला असतो, तिथे उलटं तोंड आपल्याकडे ओढून बसवायचं. आतल्याला सरळ तोंड रिमच्या भोकातून दाबायचं. फुस्स आवाज आला तर आकडा कमीच दाखवेल, पुन्हा बसवा. आतला टायर मोजायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. तो मऊ पडला की भार बाहेरच्यावर जातो, दोन्ही तापतात आणि ऐन हायवेवर फुटतात. हातोडीच्या ठोक्याने सपाट टायर कळतो, 20 पीएसआयची तूट नाही.

मोजणी गाडी निघण्यापूर्वी, थंड टायरवरच. गरम टायरचा आकडा चढलेला असतो, म्हणून हवा सोडू नका.

उणीव एकच: तोंडातलं रबरी वॉशर झिजतं, आणि सुटं मिळेलच असं नाही. विकत घेतानाच विचारा. व्हॉल्व्हची टोपी मात्र परत लावा, धूळ तिथूनच शिरते.