टेलर की गुण-वजाबाकी: डिवचलेला मेंदू मोजायचा कसा?

कुरापत मुद्दाम काढली की चुकून घडली, यावर मेंदू कसा उसळतो हे एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूची सक्रियता टिपणाऱ्या स्कॅनमध्ये, पाहायचंय? मग १९६७ची टेलर चाचणी घ्या. आक्रमकता मोजणाऱ्या या चाचणीत प्रतिस्पर्ध्याशी झटपट बटण दाबायची शर्यत; हरणाऱ्याला समोरच्याने निवडलेल्या पातळीचा कर्कश आवाज (मूळ चाचणीत विजेचा झटका); पातळी निवडण्याचा आणि शिक्षेचा क्षण वेगळा, म्हणून मेंदूचे संकेत सुटे वाचता येतात. काही फेऱ्यांत ‘पातळी संगणकाने ठरवली’ एवढं सांगितलं की हेतू बाजूला. गोची गुणांकनात: आक्रमकता निवडलेल्या पातळ्यांच्या सरासरीवरून मोजायची की फक्त पहिल्या फेरीवरून, हे आधीच लिहून ठेवा, नाहीतर हवा तो निष्कर्ष निघतो.

गुण-वजाबाकी ही आक्रमकतेची दुसरी चाचणी: एक बटण १०० वेळा दाबून १ गुण, दुसरं १० वेळा दाबून समोरच्याचा १ वजा. या दाबादाबीने हालचालीचा संकेत मेंदूच्या चित्रात घुसतो. शिवाय वजाबाकीनंतर काही काळ आपलेही गुण सुरक्षित, मग सूड की बचाव? औषधाचा परिणाम वारंवार तपासायला मात्र हीच बरी.