वायफायच्या ‘बूस्टर’ला दिलेले ८,१०० रुपये

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर. माल दोन शतांश मिलिमीटरनं कमी-जास्त भरला तरी परत पाठवतो, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. अशा माणसाला एका पोरानं त्याच्याच घरात बसून, वर चहा पिऊन, ८,१०० रुपयांना गंडवलं. लाजेनं दोन महिने गल्लीत कुणाला बोललो नाही. त्या गप्प बसण्याचा फायदा कुणाला झाला ते पुढं येईलच.

आमचं घर वडगावात. जुनं, रेल्वेच्या डब्यासारखं लांबट. रस्त्याला लागून सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, न्हाणी, आणि सगळ्यात मागं वडिलांनी नंतर काढलेली एक खोली. भिंती दगडमातीच्या, दीड हात जाड. फायबरवाल्यानं दारातून वायर आत घेतली आणि खिळा मारायला जिथं बरं पडलं तिथं, सोप्यातल्या लोखंडी कपाटाच्या मागं, राउटर लावून गेला. सोप्यात नेट झकास. मागच्या खोलीत मुलगी अभ्यासाला बसते, पीयूसीचं दुसरं वर्ष म्हणजे बारावी, सीईटीचे क्लास ऑनलाइन. तिथं सरांचा आवाज तुटायचा, फळा अर्धवट गोठायचा. शेवटी पोरगी मोबाईल घेऊन न्हाणीच्या दारात उभी राहून क्लास ऐकायला लागली.

कंपनीकडं तक्रार केली. ‘लाइन ओके आहे’ असा मेसेज आला आणि तक्रार बंद. मग मी जे करायला नको होतं ते केलं. मोबाईलवर ‘वायफाय रिपेअर बेळगाव’ असं शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरावर फोन लावला. पलीकडून ‘हेळ्री सर’, म्हणजे ‘बोला सर’, आलं. मी कन्नडमध्ये दोन वाक्यं बोललो तोच त्यानं माझा हेल ओळखला आणि मराठीवर आला. ‘वडगाव काय? मग आपलीच माणसं की हो दादा.’ खरं सांगतो, निम्मा विश्वास तिथंच बसला. आपल्याकडं दिवसभर दोन-तीन भाषांत कसरत चाललेली असते. कुणी आपल्या बोलीत बोललं की माणूस सैल पडतो, आणि हे त्या पोराला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. पंचविशीचा, गळ्यात ओळखपत्र, पाठीला बॅग. ओळखपत्र मी वाचलं नाही. घरभर फिरून त्यानं निदान केलं, ‘तुमच्या गल्लीत माग हाईत न्हवं? त्या मोटारींनी सिग्नल मरतो.’ पलीकडच्या घरात माग चालतो, त्याची खटखट आम्ही जन्मापासून ऐकतोय, त्यामुळं पटलं. मागाच्या मोटारीचा आणि वायफायच्या लहरींचा तसा काही संबंध नाही. विजेचा दाब खालीवर झाला तर राउटर बंद पडून परत चालू होईल, इतकंच. पण थाप मारायची तर गल्ली बघून मारावी, हे त्याला बरोबर कळलं होतं.

आता मुख्य गोष्ट, कारण हातचलाखी इथं झाली. त्यानं मुलीचा फोन घेतला, मागच्या खोलीत नेऊन स्पीड टेस्ट लावली. ३ एमबीपीएस. ‘बघा, पैसे शंभरचे भरताय.’ मग बॅगेतून पांढरा डबा काढला. चार अँटेना, निळे दिवे. माजघरातल्या बोर्डात तो खुपसला, स्वतःच्या लॅपटॉपवर दहा मिनिटं काहीतरी टाइप केलं, आणि नेटवर्कच्या यादीत आमच्या नावापुढं ‘टर्बो’ लागलेलं नवं नाव दिसलं. परत मागच्या खोलीत गेला, पुन्हा स्पीड टेस्ट. काटा सरसर वर, १८६. मुलीनं टाळी वाजवली आणि आकड्याचा फोटोही काढला.

ही दुसरी टेस्ट त्यानं स्वतःच्या फोनवर घेतली होती. आमच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.

डब्याचे ४,८००, वर्षाच्या सर्व्हिसचे २,४००, ‘स्पेशल वायर’चे ९००. मी घासाघीस केली तर म्हणाला, ‘आपल्या माणसाकडं जादा घेतो काय दादा?’ यूपीआयनं पैसे पाठवले. समोर आलेलं नाव वेगळंच होतं. ‘मालकांचं हाय’ म्हणाला. हातानं लिहिलेली पावती, वर शिक्का. मी घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकली.

तीन दिवसांत पोरगी परत न्हाणीच्या दारात. फोन केला तर ‘सर्व्हरचं काम चाललंय’. पुन्हा केला तर उचललाच नाही. तरी मी स्वतःची समजूत घालत होतो की पाऊस जोराचा आहे, त्यामुळं असेल. ८,१०० रुपये गेले असं मान्य करण्यापेक्षा पावसाला दोष देणं सोपं जातं.

भांडं फोडलं ते आईनं. नवव्या दिवशी कामावरून आलो तर डब्याचे निळे दिवे बंद. विचारलं तर म्हणाली, ‘ते व्हय? ते मी सकाळीच काढून ठेवलो की. मिक्सरला पिन नव्हती.’ म्हणजे सकाळपासून डबा मांडणीवर लोणच्याच्या बरणीशेजारी पडून होता, आणि आम्ही सगळे ‘टर्बो’ला जोडलेले होतो. पिन काढलेल्या यंत्रातून नेटवर्क येतंच कसं?

येत नव्हतंच. त्यानं लॅपटॉपवरून फक्त आमच्या जुन्या राउटरचं नाव बदललं होतं.

मुलीचा तो फोटो मग उघडला. मोठा करून बघितला तर वरच्या पट्टीत वायफायचा पंखा नाही, ५जी लिहिलेलं. आकड्याखाली कंपनीचं नाव असतं, तिथं आमच्या फायबरवाल्याचं नाव नव्हतं, मोबाईल कंपनीचं होतं. म्हणजे वायफाय बंद करून त्यानं स्वतःच्या सिमचा वेग आम्हाला दाखवला. शिवाय आमचा प्लॅनच १०० चा. शंभरच्या नळातून १८६ कसे येतील, हे मला, आकड्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला, तेव्हा सुचलं नाही.

पावतीही काढली. शिक्क्यावर पत्ता बेळगावचा, जीएसटी नंबर मात्र २७ नं सुरू होणारा. कर्नाटकाचा कोड २९, २७ महाराष्ट्राचा. आमच्या कारखान्यात कोल्हापूरची २७ ची आणि इथली २९ ची बिलं रोज हाताखालून जातात. त्यात नंबरात १५ अक्षरं-आकडे लागतात, याच्यात १४ भरले.

डबा दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेला. मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियननं उघडला. चारही अँटेना नुसत्या प्लास्टिकच्या पोकळ नळ्या, आत तार नाही. पट्टीवर दिवे लावण्यापुरतं सर्किट. आणि तळाला डिंकानं चिकटवलेला लोखंडाचा एक तुकडा, डबा हातात घेतल्यावर भरीव वाटावा म्हणून. तुकडा ओतीव होता, कडेला साच्याची रेघसुद्धा साफ केलेली नव्हती. आमच्या खात्यात आला असता तर मी रिजेक्ट केला असता.

त्याच इलेक्ट्रिशियननं मग रविवारी घरी येऊन तासाभरात दुखणं शोधलं. सगळ्यात आधी त्यानं लॅपटॉप वायरनं थेट राउटरला जोडला. ९४ एमबीपीएस. म्हणजे बाहेरून येणारी लाइन चोख, दुखणं घरातल्या हवेत. ही तपासणी त्या पोरानं केलीच नव्हती, आणि जो ती न करता डबा काढतो त्याला दारातूनच चहा न देता वाटेला लावावं. (लाइनच तुटली असेल तर फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लुकलुकतो. तेव्हा कंपनीलाच फोन करायचा, घरात काहीही घेऊन उपयोग नाही.)

मग फोनवर सिग्नल मोजायचं फुकटचं अ‍ॅप घालून घरभर चाललो. हे आकडे उणे असतात, शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. सोप्यात उणे ४४, माजघराच्या दारात उणे ६५, स्वयंपाकघरात उणे ७९, मागच्या खोलीत उणे ८७. दर १० ला ताकद दहापट घटते, म्हणजे सोप्यातल्या सिग्नलचा दहा हजारावा भागसुद्धा पोरीपर्यंत पोचत नव्हता. कारणं डोळ्यासमोर होती. राउटरपुढं लोखंडी कपाट, त्याला आरसा. माजघरात आईची भांड्यांची मांडणी, जमिनीपासून छतापर्यंत पितळ आणि स्टील, खाली पाण्यानं भरलेले हंडे. धातू लहरी परतवतो, पाणी पिऊन टाकतं, उरलंसुरलं दगडी भिंती खातात. राउटरचा ५ गिगाहर्ट्‍झचा पट्टा वेगवान, पण अशा भिंतीपुढं लगेच दमतो. २.४ चा लांब जातो, पण त्याच पट्ट्यावर आजूबाजूच्या घरांचीही गर्दी, आणि मायक्रोवेव्ह लावला की तोही तिथंच कलकल करतो.

इलाज काय निघाला? राउटर कपाटामागून काढून माजघराच्या दारावर उंच लावला. माळ्यावरून कॅट-६ केबल मागच्या खोलीत नेली आणि तिच्या टोकाला भावाकडं धूळ खात पडलेला जुना राउटर जोडला. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, त्यातलं डीएचसीपी बंद केलं म्हणजे दोघं एकाच वेळी पत्ते वाटत बसत नाहीत, आणि केबल त्याच्या वॅनच्या (बाहेरची लाइन घ्यायच्या) भोकात न लावता लॅनच्या (घरातली यंत्रं जोडायच्या) भोकात लावली. दोघं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून २.४ वर पुढच्याला चॅनल १, मागच्याला ११. मागच्या खोलीत उणे ४८. केबल, क्लिपा, दोन कनेक्टर मिळून खर्च सहाशेच्या आत. मांडणी आईनं हलवू दिली नाही, आणि तशी गरजही पडली नाही.

एक गोष्ट मात्र मला पैशापेक्षा जास्त झोंबली. आमच्या मूळ राउटरच्या आतल्या, सेटिंगच्या पानावर जायला गेलो तर पासवर्ड चालेना, त्या पोरानं बदलला होता. असा माणूस आतलं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय, बदलून ठेवू शकतो, म्हणजे तुम्ही बँकेचं नाव टाइप कराल आणि पोचाल भलत्याच पानावर. आमच्यात तसं काही सापडलं नाही, पण ते कळेपर्यंत दोन रात्री झोप नव्हती. रिसेटचं बारीक भोक सुईनं दाबायची घाई करू नका. कंपनीचं लॉगिन त्यात पुसलं गेलं तर नेटच बंद पडतं. आधी कंपनीला विचारा, मग दाबा, आणि वायफायचा व आतल्या पानाचा, दोन्ही पासवर्ड नवे घाला.

तक्रारीचं म्हणाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांच्या पोर्टलवर अर्ज भरला, पोच नंबर मिळाला. पण मी गेलो दहाव्या दिवशी. ती व्यवस्था पैसे समोरच्या खात्यात असतानाच अडवायला आहे, म्हणून पहिल्या काही तासांना किंमत. माझे कधीच काढून नेले होते. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, तिथं विचारलं, ‘कोणाविरुद्ध तक्रार?’ माझ्याकडं सांगायला १४ अक्षरांचा नंबर आणि खोटा शिक्का.

लाज बाजूला ठेवून गल्लीत हे पहिल्यांदा बोललो ते गणपतीच्या मंडळाच्या बैठकीत, वर्गणीचा हिशेब झाल्यावर. सगळे हसले. चार घरं सोडून राहणारे काका तेवढे हसले नाहीत. बैठक संपल्यावर हळूच म्हणाले, ‘आमच्याकडं गेल्याच महिन्यात बसवून गेलाय. दोन अँटेनाचा. ३,२०० ला दिला.’ म्हणजे मी तोंड शिवून बसलो होतो त्या दिवसांत.

त्यांच्या घरी गेलो. टीव्हीशेजारी निळा दिवा लागलेला, वर हळदीकुंकवाचं बोट. काकू म्हणाल्या, ‘चांगलं चालतंय की.’ मी काकांच्या हातात फोन दिला, नेटवर्कची यादी उघडी ठेवली आणि डब्याची पिन ओढली.

‘टर्बो’ तिथंच होतं.