प्रश्न मस्त, पण उत्तरसूची तपासूनच वापरा
मुलीच्या ६वीच्या होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेसाठी (शाळकरी मुलांची विज्ञानाची स्पर्धा परीक्षा) हा सराव पेपरांचा संच घेतला. प्रश्न खरंच छान आहेत, नुसतं पाठांतर चालत नाही, हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल का होतो असं विचारलंय, पोरगी लगेच मोरीत जाऊन रुमालावर करून आली आणि आम्लारी (साबणासारखा, आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) म्हणजे काय ते तिला तिथंच कळलं. पण उत्तरसूचीत घोळ आहे. चंद्रावर वस्तुमान १/६ होतं म्हणे! अहो कमी होतं ते वजन, वस्तुमान तेवढंच राहतं. उत्तरसूची बघून पोरीनं स्वतःचं बरोबर लिहिलेलं उत्तर खोडलं, फार वाईट वाटलं मला. आणि या परीक्षेत प्रात्यक्षिकही असतं, त्याची तयारी या संचात अजिबात नाही, ती वेगळी करून घ्यावी लागेल.